कुमुदआत्याचं शून्य

वेदनेला भाषा नसते.

हे वाक्य माझं आहे. आमच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचं नूतनीकरण झालं तेव्हा अध्यक्षांच्या भाषणासाठी मी ते लिहून दिलं होतं आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, एका मंगळवारी सकाळी पावणेअकराला, माझी सख्खी आत्या त्याच विभागात चार नंबरच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडून पडली होती. एक तास होत आला तरी तिला दुखणं थांबवायचं काहीही दिलेलं नव्हतं. ते वाक्य किती फालतू आहे हे मला त्या दिवशी समजलं. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण अध्यक्ष अजून हयात आहेत आणि वाचतात.

मी तिथे भाषा व जनसंपर्क अधिकारी होतो. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला रुग्णालयात नोकरी मिळते यावर माझ्या सासऱ्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पाट्या, सूचना, संमतीपत्रं, अध्यक्षांची भाषणं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. माझं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. रुग्णांशी संबंध येऊ नये अशी ती जागा होती.

त्या मंगळवारी खालून फोन आला. तातडीच्या विभागातल्या मुल्ला सिस्टर होत्या.

"चितळकर सर, तुमच्या आत्या आल्यात. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत पडल्या म्हणे. खुबा गेलाय. पण तुम्ही घाबरू नका. या तुम्ही खाली, बघण्यासारखं आहे."

खुबा मोडण्यात बघण्यासारखं काय असतं हे मला कळलं नाही. मी जिन्याने उतरलो. लिफ्टमध्ये त्या दिवशी रंगारी होते, कारण साडेबाराला बाहेरगावची मूल्यांकन समिती येणार होती.

चार नंबरच्या खाटेभोवती पाच-सहा शिकाऊ नर्सेस उभ्या होत्या, एखाद्या देवस्थानाला आल्यासारख्या.

"ह्याच त्या," मुल्ला सिस्टर मला बघून म्हणाल्या. "एवढं हाड मोडलंय आणि वेदना शून्य. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा शून्य. बावीस वर्षांच्या नोकरीत असं पेशंट पाहिलं नाही बघा मी."

कुमुदआत्या तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. लग्न केलं नाही. एकतीस वर्षं सत्र न्यायालयात लघुलेखक होती. साक्षीदार जे बोलेल ते, जसं बोलेल तसं, कागदावर उतरवायचं. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघाची इतिवृत्तं लिहायची. त्या दिवशी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला उठताना तिचा पाय सतरंजीत अडकला.

ती निश्चल पडली होती. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि बाहेरच्या बाजूला कलला होता. पदराचं टोक दातांत होतं. खाटेची कड तिने धरली होती, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. वरच्या ओठावर घाम होता.

"उपेंद्र," ती पदर बाजूला करून म्हणाली. एरवी ती मला उप्या म्हणते. पूर्ण नावाने हाक मारली म्हणजे प्रकरण गंभीर. "खाटेला धक्का लावू नकोस."

मी सिस्टरांना बाजूला घेतलं.

"सिस्टर, शून्य कसं असेल? तोंड बघा तिचं."

"तोंड बघायचं नाही आता, सर. नंबियार सरांनी तीन दिवस ट्रेनिंग दिलंय आम्हाला. रुग्ण सांगेल तेवढी वेदना. तोंडावरून, वयावरून, कपड्यांवरून आपण ठरवायचं नाही. आधी तेच चालायचं ना! बाई रडली की नाटक करते म्हणायचे, गडी रडला की दारू प्यालाय म्हणायचे. आता आकडा विचारायचा आणि आकड्याप्रमाणे द्यायचं. तीनपर्यंत गोळी. सहापर्यंत साधं इंजेक्शन. सातच्या वर मोठं औषध, तेही अर्ध्या तासाच्या आत."

"आणि शून्य?"

"शून्याला काय देणार? ह्यांना तर पाणीसुद्धा देता येत नाही, ऑपरेशन आहे."

नियम चांगला होता. आजही मी म्हणेन, नियम चांगलाच होता.

"नंबियार कुठायत?"

सिस्टरांनी पडद्याकडे बोट केलं. पडद्याआड एका माणसाचं हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं आणि ते सुरू ठेवण्याचं काम चाललं होतं. मी पडदा जरासा सरकवला. डॉ. नंबियार केरळातले. आमच्याकडे येऊन चार महिने झाले होते, मराठी जेमतेम. मान न वळवता ते म्हणाले, "चितळकरजी, दस मिनट. आपकी आंटी सुपर है. हिप फ्रॅक्चर, झीरो पेन! मैंने स्टुडंट्स को भी दिखाया."

मी परत आलो. पाच नंबरच्या खाटेवर संपत डुबल नावाचा एक ट्रॅक्टरवाला पडला होता. घोटा सुजला होता, मोडलेला नव्हता. चेहऱ्यावर मात्र असा आनंद होता की तो बघून मला त्याचा राग आला.

"साहेब," तो छताकडे बघत म्हणाला, "तुमच्याकडचं औषध एक नंबर हाय. आत्ता मला कुणाचाच राग येत नाही. भावकीचा पण नाही."

"तुम्हाला किती दुखत होतं?"

"कुठं काय, नुसता मुरगळलाय. सिस्टर म्हणल्या आकडा सांगा. म्हणलं दहा! गडी माणसानं दहाच्या खाली कशाला यायचं?"

मला वाटलं, माणूस बनेल आहे. हे वाटणं चूक होतं, पण त्याने मला एक कल्पना दिली. मी आत्याजवळ खाली वाकलो.

"आत्या, तू दहा म्हण."

"का?"

"म्हण तर खरं. लगेच इंजेक्शन देतील."

"खोटं बोलून इंजेक्शन घेऊ?"

"खोटं कसं? तुला दुखतंय ना?"

"त्यांनी विचारलं त्याचं उत्तर मी दिलंय. उत्तर बदलायचं असेल तर प्रश्न बदला. साक्षीदाराला असं पढवताना मी वकिलांना बघितलंय, उपेंद्र. तुला ते शोभत नाही."

"बरं, दहा नको. सात म्हण."

"भाजी घेतोयस का?"

एवढं बोलायला तिला तीन श्वास लागले. तेवढ्यात एका शिकाऊ नर्सने उशी नीट करायला म्हणून खाट जराशी हलवली. आत्याच्या घशातून एक आवाज आला. माझे वडील गेले तेव्हा मी आत्याजवळ होतो. तेव्हाही तिच्याकडून असा आवाज ऐकलेला नव्हता. मग तिने पदर पुन्हा दातांत धरला आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं.

त्या क्षणी मी ठरवलं की औषध मिळाल्याशिवाय मी या खोलीतून जाणार नाही. मग हृदयवाल्याच्या पडद्याआड उभं राहून ओरडावं लागलं तरी चालेल.

"आत्या," मी म्हटलं, "हात जोडतो. शून्य म्हणू नकोस."

तिने डोळे उघडले. आता ती चिडली होती.

"अरे, मग काय म्हणू? तीनदा शून्य सांगितलं मी. याहून कमी काय सांगणार? शून्याखाली आकडा ठेवलाय का तुम्ही?"

"कमी?"

"वाच. समोर भिंतीवर काय लिहिलंय ते वाच. मोठ्याने."

भिंतीवर चौकटीत एक तक्ता होता. मी तो अनेकदा बघितला होता, वाचला मात्र छापून आल्यानंतर एकदाही नव्हता. वर शून्य ते दहा आकड्यांची रंगीत पट्टी, तिच्याखाली अकरा चेहरे. मूळ इंग्रजी तक्त्यात शेवटचे चेहरे रडत होते. पण अध्यक्ष म्हणाले, दवाखान्यात रडकी तोंडं नकोत, लोकांना अपशकुन वाटतो. म्हणून अकराही चेहरे हसत होते. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, तो प्रश्न.

मी वाचला. "आपली वेदना आपणांस कितपत सहन होते? शून्य ते दहा यांपैकी एक अंक सांगावा."

"कितपत सहन होते," आत्या म्हणाली. "मला सहन होत नाही. अजिबात होत नाही. म्हणून शून्य. यात न कळण्यासारखं काय आहे?"

मी तक्त्याकडे बघत राहिलो. मग पाच नंबरकडे बघितलं. मुरगळलेल्या घोट्याचं दुखणं डुबल दहापैकी दहा सहन करू शकत होता. त्याने अगदी खरं उत्तर दिलं होतं.

"कुणी लिहिलंय हे?" आत्याने विचारलं.

"आमच्या तक्ता समितीने."

"समितीला हात नसतो. कुणी लिहिलं?"

"मी."

"वाटलंच. 'आपणांस'वर अनुस्वार बरोबर दिलायस."

सांगायचं तर, पहिल्या मसुद्यात 'किती दुखतंय?' एवढंच होतं. तो मुल्ला सिस्टरांनीच पाठवला होता. मी तो ग्राम्य म्हणून खोडला. सार्वजनिक भिंतीवर भाषेला काही उंची हवी, असा शेराही मारला. इंग्रजीत शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पना करवणार नाही इतकं दुखतं. मी आकडे जागच्या जागी ठेवले आणि प्रश्न मात्र उलटा फिरवला. वर अध्यक्षांनी फतवा काढला, की सगळ्यांना सारखी वागणूक हवी, तेव्हा प्रश्न तोंडी विचारायचा नाही. तक्त्याकडे बोट करायचं आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तोच प्रश्न शब्दशः वाचून दाखवायचा. नंबियारांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी फक्त आकड्यावर विश्वास ठेवला.

"सिस्टर," मी हाक मारली, "जरा हा तक्ता वाचा. तुम्हाला आज कुणी पहिल्यांदाच विचारतंय असं समजून वाचा."

मुल्ला सिस्टरांनी वाचला. पुन्हा वाचला. ओठ हलत होते ते थांबले.

"या अल्ला," त्या म्हणाल्या.

त्या माझ्याकडे वळल्या.

"ओरडणाऱ्यांचं ठीक आहे, सर. ओरडणाऱ्याला आम्ही आकडा न बघताच देतो. पण गप्प बसणारे..." त्या खाली बघू लागल्या. "परवा तो गुऱ्हाळावरचा माणूस आला होता. काकवीच्या कढईत हात गेलेला. शून्य म्हणाला. मी त्याला म्हटलं, शाब्बास."

त्यांनी ट्रे उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय मला मोठं औषध काढता येत नाही. आणा त्यांना. काय वाटेल ते करा, आणा."

मी पडदा पूर्ण बाजूला केला. हृदयवाल्याचं हृदय आता आपलं आपण चाललं होतं.

"डॉक्टर, तक्ता उलटा आहे."

नंबियार भिंतीकडे बघून म्हणाले, "नही, सीधा टंगा है."

"टांगलाय सरळ. लिहिलाय उलटा. प्रश्न दर्द का नही, सहन का है. शून्य मतलब बिलकुल सहन नही होता. झीरो मतलब टेन!"

हिंदी माझं कधीच चांगलं नव्हतं. पण हे त्यांना मी वाक्य पुरं करायच्या आत कळलं. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. ते जवळजवळ धावतच चार नंबरकडे गेले.

आणि नेमके त्याच वेळी अध्यक्ष अण्णासाहेब दारातून आत आले. समितीच्या आधी एक फेरी मारून सगळं जागेवर आहे ना ते बघायला. त्यांना खुर्चीवर चढून भिंतीवरचा तक्ता उतरवणारा भाषा व जनसंपर्क अधिकारी दिसला.

"चितळकर, काय चाललंय?"

"शुद्धलेखन, अण्णासाहेब."

"आत्ता?"

"तक्ता चुकीचा आहे. ज्यांना दुखतंय त्यांना औषध मिळत नाहीये आणि ज्यांना दुखत नाही त्यांना मिळतंय."

अण्णासाहेबांनी पाच नंबरकडे बघितलं. डुबलने त्यांना नमस्कार केला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"बरं," ते शांतपणे म्हणाले. माणूस सहकारातून वर आलेला होता. चूक कुणाची हे कळलं की त्यांचा अर्धा ताण जायचा. "उतरा खाली. दोन तास राहू दे तक्ता. समिती जाऊ दे, मग काय ते बघू. आत्ता काढलात तर भिंतीवर चौकोन दिसेल. रंग त्याच्या भोवतीने दिलाय."

"दोन तासांत पेशंट येतील."

"दोन तासांत काय फरक पडतो?"

खरं सांगतो, एरवी मी उतरलो असतो. तोवरच्या नोकरीत मी अध्यक्षांच्या शब्दाबाहेर एक काना-मात्रा बदललेला नव्हता. मी आत्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती खाटेची कड धरून होती.

"ते तुम्ही चार नंबरला विचारा," मी म्हटलं आणि खिळा उपटला.

खिळ्याबरोबर नव्या रंगाचा हातभर पोपडा आला. अण्णासाहेबांनी कपाळाला हात लावला.

"आजी," इकडे नंबियार विचारत होते, त्यांच्या तुटक्या मराठीत, "कंबर दुखते?"

"दुखते," आत्या म्हणाली. "खूप दुखते." मग माझ्याकडे मान वळवून, "बघ. कंबर स्त्रीलिंगी, क्रियापद बरोबर. चार महिने झालेत याला येऊन."

नंबियारांनी शिरेतून औषध थोडं थोडं करून सोडलं, एकेक मिनिट थांबत, तिचा श्वास मोजत. मग जांघेपाशी यंत्राने नस शोधून ती बधिर करायचं इंजेक्शन दिलं. हात जोडून म्हणाले, "सॉरी, आजी. आय अॅम व्हेरी सॉरी."

"तुम्ही कशाला?" आत्या म्हणाली. "तुम्हाला वाचता येत नव्हतं. ज्याला येतं तो बसलाय तिकडे, चौकट मांडीवर घेऊन."

मी खुर्चीवर बसलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

वीस मिनिटांनी खाटेची कड सुटली. आधी करंगळी, मग एकेक बोट. तिने पदर दातांतून काढला, त्याच्याकडे बघितलं, भिजलेलं टोक आतल्या बाजूला दुमडलं. मुल्ला सिस्टर आल्या. सवयीने त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे पोपडा निघालेली भिंत होती. बोट तसंच हवेत राहिलं.

"आत्या," त्या म्हणाल्या, "आता किती दुखतंय हो?"

"आता होय? आता तीन. हललं तर पाच. आणि मघाशी दहा होतं. मघाशीचंही लिहा. वेळ घालून लिहा, पावणेदहा ते सव्वाअकरा."

सिस्टरांनी लिहिलं.

दारातून एक बाई आली. बोटात सुई शिरलेली, शिवणकाम करणारी असावी. सिस्टर वळून तिला म्हणाल्या, "या मावशी, बसा. किती दुखतंय?" बाई म्हणाली, "लई दुखतंय ओ." "दहातलं किती?" "आठ धरा." त्यात काहीच अवघड नव्हतं.

समिती आली. तिने चौकोन बघितला. त्याबद्दल काय शेरा मारला ते मला माहीत नाही, कारण मी तेव्हा तक्ता लागल्यापासूनच्या एकोणीस दिवसांच्या नोंदी काढून बसलो होतो. मुल्ला सिस्टर शेजारी होत्या. शून्य आणि एक सांगून घरी गेलेली चौतीस माणसं निघाली. त्यांतल्या एकोणतीस जणांचे फोन लागले. प्रत्येकाला मी स्वतः फोन केला, आणि चूक माझी होती असं सांगितलं. बहुतेक जण म्हणाले, जाऊ द्या हो साहेब. गुऱ्हाळावरचा माणूस म्हणाला, "मला वाटलं, तुमच्यात असंच असतंय." त्याला आम्ही पुन्हा बोलावलं, हाताचं ड्रेसिंग नंबियारांनी स्वतः केलं, औषध आधी देऊन.

आत्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. दीड महिन्याने ती काठी घेऊन संघाच्या सभेला गेली आणि राहिलेलं इतिवृत्त वाचलं.

सुधारित तक्त्यासाठी अध्यक्षांनी पाच जणांची समिती नेमली. तिचा निमंत्रक मीच होतो. तिच्या सतरा बैठका झाल्या. मजकूर एकमताने मंजूर झाला आणि छपाईला गेला.

तक्ता अजून आलेला नाही. सिस्टर तोंडी विचारतात आणि लोक सांगतात.